पेटंट परीक्षकांना खुलं पत्र: अर्जदाराचं कपाट उघडायला सांगा

प्रति,
सेंट्रिफ्यूजचे अर्ज तपासणारे सर्व परीक्षक, कार्यालय कुठलंही असो

सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. पण तुमच्यापैकी कोणीतरी शिक्का मारलेल्या एका कागदापायी माझे सात महिने गेले आहेत, तेव्हा आपण अगदीच परके आहोत असंही म्हणता येत नाही. मी सेंट्रिफ्यूज उभे करणारा माणूस. मशीन पेटीतून काढायचं, पायावर बसवायचं, चालू करून द्यायचं आणि पुढे ते रुसलं की समजूत काढायला जायचं, हा माझा धंदा. डिकँटरही केले, म्हणजे गाळ स्क्रूने बाहेर ढकलणारे, आणि डिस्कवाले, म्हणजे आत चकत्या असलेले, सेपरेटरही. कायद्याचं शिक्षण नाही. मात्र या यंत्रांवरून पेटंटची भांडणं लागली की तांत्रिक बाजू उलगडून सांगायला मला काही वेळा बसवलं गेलं. तिथे जे पाहिलं ते वकिलांना सांगण्यात अर्थ नाही. भांडण कोर्टात गाजतं, पण त्याचं बी तुमच्या टेबलावर पेरलेलं असतं.

यंत्राचं काम तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुढच्या बोलण्यासाठी दोन ओळी. गढूळ पाणी भांड्यात ठेवलं की गाळ तळाशी बसतो. सेंट्रिफ्यूजमध्ये तेच होतं, फक्त घाईने. २५ सेंटिमीटर त्रिज्येचा बाउल, म्हणजे आतलं फिरणारं भांडं, मिनिटाला ३,२०० फेरे घेत असेल तर त्याच्या भिंतीशी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,८६० पट जोर असतो. कण किती लवकर बसेल हे फेऱ्यांच्या वर्गावर, कणाच्या व्यासाच्या वर्गावर, कण आणि द्रव यांच्या घनतेतल्या फरकावर आणि द्रवाच्या चिकटपणावर ठरतं. यामागचा नियम स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडून ठेवला. म्हणजे चालवणाऱ्याच्या हातात मोजक्या पाच-सहा चाव्या: फेरे, तापमान, आत येणारा प्रवाह, बाउलमधल्या द्रवाची खोली, आणि डिकँटर असेल तर गाळ बाहेर ढकलणाऱ्या स्क्रूचा वेग. या चाव्या माणसं पिढ्यान् पिढ्या फिरवत आली आहेत. आणि अधूनमधून कोणीतरी त्यातली एक चावी अमुक एका रीतीने फिरवणं हा आपलाच शोध म्हणून तुमच्याकडे घेऊन येतो.

आता माझे सात महिने.

डिकँटरमध्ये बाउल आणि आतला स्क्रू एकाच दिशेने फिरतात, पण वेगात थोडा फरक असतो. मिनिटाला पाच-दहा फेऱ्यांचा. त्या फरकामुळे गाळ हळूहळू बाहेरच्या टोकाकडे सरकतो. फरक कमी केला की गाळ आत जास्त वेळ दाबला जातो आणि केक, म्हणजे बाहेर पडणारा दाबलेला गाळ, कोरडा निघतो. फारच कमी केला तर गाळ साचतो, स्क्रूवरचा भार चढतो आणि शेवटी मशीन गच्च भरून बसतं. मग बाउल उघडून कुदळ-फावड्याने साफ करायचा. ज्याने हे एकदा केलं आहे तो दुसऱ्यांदा वेळ येऊ देत नाही.

मी ज्या प्लँटबद्दल बोलतोय तिथे रात्रपाळीला एक जुना ऑपरेटर होता. त्याची पद्धत अशी: डावा हात बेअरिंगच्या झाकणावर, नजर अँमीटरच्या काट्यावर, आणि दर अर्ध्या तासाने खाली पडणारा केक उजव्या मुठीत दाबून बघायचा. बोटांमधून निसटला तर ओला, भेगा पडून तुटला तर ठीक. काटा चढायला लागला की फरक एकाने वाढवायचा, उतरला की पुन्हा कमी करायचा. हे सगळं तो एका लांबट वहीत लिहायचा. चार रकाने: वेळ, अँपिअर, फरक, केक. शेवटच्या रकान्यात फक्त 'बरा', 'ओला' किंवा 'फार ओला'. वह्या वर्षानुवर्षांच्या होत्या, तारखांसकट.

एक दिवस नोटीस आली. पाठवणारी एक यंत्र बनवणारी कंपनी, नाव सांगत नाही. तिच्या पेटंटात क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारं वाक्य, होता तो असा: स्क्रूवरचा भार मोजणे, आणि भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की फरकाचा वेग वाढवणे, खाली आला की कमी करणे. (मराठीत क्लेमलाही दावा म्हणतात आणि खटल्यालाही दावाच. या धंद्यात राहिल्यावर भाषेचा हा शहाणपणा पटतो.) प्लँटने नुकतीच जुन्या मशीनवर नवी कंट्रोल पॅनेल बसवून घेतली होती. ऑपरेटर हाताने करायचा तेच आता पॅनेल करत होतं.

मी उत्साहाने वह्या काढून दिल्या. पेटंटच्या अर्जाच्या कितीतरी आधीच्या तारखा होत्या! वकिलाने एक वही चाळली, शांतपणे मिटली आणि विचारलं, ही कोणी बाहेरच्याने पाहिली होती का? नव्हती. मग उपयोग नाही, तो म्हणाला. बंद दाराआड एखादी गोष्ट कितीही वर्षं केली तरी बहुतेक कायद्यांत ती जगाला माहीत होती असं धरत नाहीत. फार तर तुम्ही आधीपासून करत होता म्हणून तुम्हाला पुढेही करू देतील, आणि तेही सगळीकडे नाही. नियमाला कारण आहे हे मला कळतं. पण त्या ऑपरेटरच्या हाताखाली मी शिकलो होतो. त्याच्या चार रकान्यांची किंमत शून्य आहे हे ऐकताना बरं वाटलं नाही.

निकाल लागेपर्यंत सावध राहा, असं सांगितल्यामुळे प्लँटने पॅनेलचा तो भाग बंद केला आणि फरक एका आकड्यावर बांधून ठेवला. मशीन त्या काळात दोनदा गच्च भरलं. दोन्ही वेळा बाउल उघडायला मीच होतो.

सुटका कुठून झाली बघा. भांडारातल्या लोखंडी कपाटात, जुन्या गास्केटच्या खोक्याखाली, एक चालवण्याची पुस्तिका सापडली. तारेने शिवलेली, तेलाचे डाग पडलेली. पान ३१ वर 'स्क्रूच्या मोटरचा करंट वाढू लागल्यास' असं सुरू होणारा परिच्छेद होता. त्यात काय करायचं ते स्वच्छ लिहिलं होतं: फरकाचा वेग वाढवा, करंट उतरल्यावर पुन्हा कमी करा. मागच्या पानावर छपाईचं वर्ष. ही पुस्तिका प्रत्येक विकलेल्या मशीनबरोबर दिली जात होती, म्हणजे ती गुप्त नव्हती. आणि ती छापली होती नोटीस पाठवणाऱ्या कंपनीनेच, आपल्या एका जुन्या मॉडेलसाठी.

झेरॉक्स पाठवल्यावर पुन्हा पत्र आलं नाही. माफी नाही, माघार नाही, नुसती शांतता. पेटंट मात्र रद्द झालं नाही, कारण ते रद्द करून घ्यायला कोणी गेलंच नाही. प्लँटला गप्प बसणं स्वस्त होतं. ते पेटंट नोंदवहीत तसंच राहिलं, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला.

हे वाचून तुम्ही म्हणाल, एकाच प्लँटची गोष्ट. मग जिचे निकाल कोणीही वाचू शकतो अशी गोष्ट घ्या. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो डिकँटरमधून जातो. घन भाग वेगळा होतो आणि पातळ द्रव राहतो, त्याला थिन स्टिलेज म्हणतात. तो आटवून पाकासारखा दाट करतात. त्या दाट द्रवात मक्याचं तेल असतं. तो गरम करून सेंट्रिफ्यूजमधून काढला की तेल सुटतं. जीएस क्लीनटेक या अमेरिकन कंपनीने यावर पेटंटं घेतली. पहिलं २००९ मध्ये मिळालं आणि अनेक इथेनॉल कारखान्यांवर खटले भरले गेले. सगळे इंडियानातल्या एका केंद्रीय न्यायालयात एकत्र आणले गेले.

नीट पाहा, सेंट्रिफ्यूज नवा नव्हता. आटवणंही नवं नव्हतं. पेटंट होतं ते क्रमावर: आधी आटवा, मग तापवून तेल वेगळं करा, आणि आटवलेल्या द्रवात पाणी ३० टक्क्यांहून जास्त आणि ९० टक्क्यांहून कमी असू द्या. ही मर्यादा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा छपाईची चूक वाटली. आटवलेल्या द्रवाला ३० ते ९० ही मर्यादा घालणं म्हणजे माणसाचं वर्णन करताना उंची गुडघ्यापेक्षा जास्त आणि दारापेक्षा कमी असं सांगणं.

पण पेटंट पडलं ते त्या आकड्यांवर नाही, तारखेवर. तात्पुरता अर्ज दाखल झाला १७ ऑगस्ट २००४ ला. अमेरिकेच्या कायद्यात अर्जाच्या एक वर्षाहून आधी शोध विकायला काढला असेल तर पेटंट मिळत नाही. म्हणजे सीमारेषा १७ ऑगस्ट २००३. आणि अ‍ॅग्री-एनर्जी नावाच्या इथेनॉल कंपनीला ही यंत्रणा विकण्याचा प्रस्ताव घेऊन गेलेला एक ईमेल निघाला ३१ जुलै २००३ चा. सतरा दिवस. न्यायालयाने २०१४ मध्ये पेटंटं अवैध ठरवली. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की संशोधकांनी आणि त्यांच्या वकिलांनी ही विक्रीची गोष्ट पेटंट कार्यालयापासून जाणूनबुजून लपवली. मार्च २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने हे कायम केलं. तुम्हाला ठाऊक आहे की २०११ पासून तिथे असा ठपका सिद्ध करणं फार अवघड झालं आहे. माहिती महत्त्वाची होती हेही दाखवावं लागतं आणि फसवण्याचा हेतू होता हेही. तरी तो सिद्ध झाला.

अकरा वर्षं. कितीतरी कारखाने, वकिलांच्या फौजा, आणि सगळ्याच्या तळाशी एक कोटेशन. अर्जदाराने स्वतः पाठवलेलं, त्याच्या स्वतःच्या संगणकात असलेलं.

माझी पुस्तिका आणि हा ईमेल यांत मला एकच गोष्ट दिसते, आणि पत्र लिहायला बसलो ते तिच्यासाठी. आमच्या धंद्यात शोधाला मारक ठरणारा कागद बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पेटंटात नसतो. तो अर्जदाराच्या कपाटात असतो. तुम्ही शोधता पेटंटांच्या डेटाबेसमध्ये, सेंट्रिफ्यूजचा वर्ग बी ०४ बी उघडून, फार तर सांडपाण्याच्या गाळाचा वर्गही चाळून. तिथे पुस्तिका नाहीत, कोटेशन नाहीत, चाचणीचे अहवाल नाहीत. सेंट्रिफ्यूज हे दुकानात मांडून विकायचं यंत्र नव्हे. ते विकण्याआधी गिऱ्हाइकाचा नमुना आणून छोट्या मशीनवर फिरवतात, काय निघालं त्याचा कागद देतात, मग किंमत सांगतात. म्हणजे खरं ज्ञान विक्री खात्याच्या फायलींत साठतं. पेटंट खात्याला ते कित्येकदा माहीतही नसतं. लबाडी प्रत्येक वेळी असते असं मी म्हणत नाही. माझ्या गोष्टीत तर माझी खात्री आहे की अर्ज लिहिणाऱ्याने ती पुस्तिका जन्मात पाहिली नसेल.

पेटंट ही गोष्टच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. गुस्ताफ डे लावाल या स्वीडिश माणसाने १८७८ मध्ये दूध सतत आत घेऊन साय सतत बाहेर देणारा सेपरेटर बनवला. त्याआधी यंत्र थांबवून साय काढावी लागायची. त्याचा बाउल आतून पोकळ होता. दहा वर्षांनी क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइम या जर्मन माणसाने त्या पोकळीत शंकूच्या आकाराच्या पातळ चकत्यांची चळत बसवली. दोन चकत्यांत जेमतेम मिलिमीटरभर अंतर. कणाला आता बाउलच्या भिंतीपर्यंत जावं लागेना, जवळच्या चकतीला लागलं की झालं. त्याच आकाराच्या बाउलमधून कितीतरी पट जास्त दूध जाऊ लागलं. हे नवं होतं, डोळ्यांना दिसणारं होतं, आणि कागदावर काढून दाखवता येत होतं. डे लावालच्या कंपनीने हे पेटंट १८८९ मध्ये विकत घेतलं. आज तिच्या अल्फा लावाल या नावातला 'अल्फा' म्हणजे या चकत्यांचाच. लावाल स्वतःचा, अल्फा दुसऱ्याचा! पेटंट संपल्यावर चकत्या सगळ्यांच्या झाल्या. मी हाताळलेल्या प्रत्येक सेपरेटरमध्ये त्याच आहेत. असा अर्ज तुमच्यापुढे आला तर आनंदाने शिक्का मारा. मला काही म्हणायचं नाही.

कपाटाखेरीज एक छोटं गाऱ्हाणं शब्दांबद्दल. रक्तातल्या पेशी वेगळ्या करणाऱ्या एका लहान सेंट्रिफ्यूजवर हीमोनेटिक्स या कंपनीचं पेटंट होतं. क्लेममध्ये 'सेंट्रिफ्यूगल युनिट' हा शब्द होता, आणि त्याची उंची त्रिज्येच्या ७५ ते १२५ टक्के असावी असं म्हटलं होतं. आता युनिट म्हणजे नुसतं फिरणारं भांडं, की भांडं आणि त्याला जोडलेल्या नळ्या? नळ्या धरल्या तर उंची वेगळी, सोडल्या तर वेगळी. क्लेमच्या सुरुवातीला युनिट म्हणजे भांडं आणि नळ्या असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण नळ्या धरून मोजायला गेलं तर मोजमापाचा मेळ बसेना. खालच्या न्यायालयाने ते भांडंच मानलं आणि ज्यूरीने कंपनीच्या बाजूने मोठी भरपाई दिली. २०१० मध्ये वरच्या न्यायालयाने ते सगळं मागे फिरवलं: क्लेममध्ये जे लिहिलं आहे तेच धरलं जाईल. मला निकाल पटला. पण तुम्हीच अर्ज वाचताना पेन्सिलीने विचारलं असतं, 'उंची कुठून कुठपर्यंत?', तर एवढं रामायण घडलं नसतं. आम्ही वर्कशॉपमध्ये साध्या बोल्टाच्या ड्रॉइंगवरही मोजमापाच्या रेषेला दोन्ही टोकांना बाण काढतो.

आता मागणी. अमेरिकेतल्या परीक्षकांकडे नियम १.१०५ आहे. त्याखाली अर्जदाराकडून त्याच्याजवळची माहिती मागता येते. आमच्या क्षेत्रातल्या ज्या ज्या अर्जांच्या फायली मी चाळल्या त्यात हा अधिकार वापरलेला क्वचितच दिसला. इतर कार्यालयांत नेमका असा नियम नसेल तिथेही आक्षेपाच्या पहिल्या पत्रात प्रश्न विचारायला कोणी अडवत नाही. सेंट्रिफ्यूज चालवण्याच्या पद्धतीवरचा प्रत्येक अर्ज आला की एवढंच विचारा: याच किंवा याआधीच्या मॉडेलबरोबर गिऱ्हाइकाला दिलेल्या सर्व पुस्तिका, पहिल्या प्रस्तावाचं पत्र आणि पहिल्या चाचणीचा अहवाल, तारखांसह. यंत्राच्या रचनेवरचा अर्ज असेल तर इतकं गरजेचं नाही, कारण रचना निदान चित्रात दिसते. पद्धत दिसत नाही. पद्धतीचे क्लेमच सगळ्यात जास्त त्रास देतात आणि तेच सगळ्यात सहज मंजूर होतात, हे माझं मत आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते आवडणार नाही.

तुमच्यावर कामाचा बोजा किती आहे याची मला कल्पना आहे. एका अर्जाला मिळणारे तास मोजकेच असतात, आणि आणखी कागद मागवले तर ते वाचायचे कोणी? बरोबर आहे. पण मी वाचा म्हणत नाही, मागा म्हणतोय. मागितल्यावर अर्जदाराच्या पेटंट खात्याला विक्री खात्याचा दरवाजा ठोठवावा लागतो, आणि पुष्कळ अर्ज तिथेच गळतील. तिकडचा कोणीतरी म्हणेल, अहो, हे आपण मागच्या मॉडेलपासून सांगतोय की. ज्याने जाणूनबुजून लपवायचं ठरवलंय तो तरीही लपवेल, हे मान्य. पण मग त्याच्या हाती तुमचा लेखी प्रश्न असेल आणि त्याचं लेखी उत्तर तुमच्या फायलीत. पुढे ईमेल सापडलाच तर हेतू शोधत अकरा वर्षं घालवावी लागणार नाहीत.

आणि ज्या गोष्टी तुम्ही मागून मिळवू शकत नाही, त्या आमच्या वह्या, त्याबद्दल तुमच्याकडे तक्रार नाही. तिथे चूक आमची आहे. आम्ही लिहितो ते स्वतःसाठी, आणि साहेबाने विचारलं तर दाखवायला. चार रकाने एखाद्या मासिकाला पाठवावेत, छापून यावेत, हे त्या ऑपरेटरच्या डोक्यात कधी आलं नाही. माझ्याही नाही. आता मी नव्या मुलांना सांगतो की मशीनची काही खुबी सापडली तर कुठेतरी तारीख घालून उघड छापा, चार ओळी का असेनात.

ती पुस्तिका अजून माझ्याकडे आहे. भार पाहून फरकाचा वेग बदलण्याची एखादी 'सुधारित' पद्धत तुमच्यापैकी कोणाच्या टेबलावर या घडीला आली असेल, तर पान ३१ आणि मागच्या पानाची झेरॉक्स पाठवायला मी तयार आहे.

आपला,
एक कमिशनिंग इंजिनिअर